स्क्रीन ठाण्यात पटकन, तुर्भ्यात अर्धा मिनिट? आधी फेऱ्या मोजा

आमच्या एका क्लायंटचं हेड ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, सर्व्हर तिथेच, आणि दुसरं ऑफिस तुर्भ्याला एपीएमसीच्या बाजूला, तिथली माणसं व्हीपीएनवरून (इंटरनेटमार्गे ऑफिसच्या नेटवर्कला जोडून) तेच बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. तुर्भ्याच्या अकाउंटंटने सकाळी बिल लिस्ट उघडली की बिचारा फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचा, ठाण्यात तीच स्क्रीन लगेच यायची, मग सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की तुर्भ्याचं नेट खराब आहे. लाइन बदलली, पैसे गेले, फरक काहीच नाही.

शेवटी मी स्वतः तिथे जाऊन बसलो. पिंग मारलं, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायच्या एका फेरीला किती वेळ लागतो ते बघितलं, ठाण्यात ऑफिसच्या आत १ मिलिसेकंद, तुर्भ्याहून ३५. मग सर्व्हरवर (एसक्यूएल सर्व्हर आहे) एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं सेशन (सर्व्हरकडे आलेली प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाची मागणी, टिपून ठेवणारं) लावलं आणि बिल लिस्ट फक्त एकदा उघडली. ८०१ क्वेरी! एक क्वेरी ४०० बिलं आणायला, मग प्रत्येक बिलामागे पार्टीचं नाव आणायला एक आणि येणं बाकी आणायला एक. ८०१ गुणिले ३५ मिलिसेकंद म्हणजे २८ सेकंद नुसते जाण्यायेण्यात. लाइन ५० एमबीपीएसची घ्या नाहीतर ५०० ची, फेरीचा वेळ तेवढाच राहतो, आणि ठाण्यात ह्याच ८०१ फेऱ्या एका सेकंदाच्या आत होतात म्हणून तिथे कुणाला कळतच नव्हतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, स्लो स्क्रीन आली की इंडेक्स (टेबलमध्ये पटकन शोधायची सूची), रॅम, नवीन सर्व्हर हे सगळं नंतर, पहिल्यांदा एका क्लिकमागे सर्व्हरकडे किती फेऱ्या जातात ते मोजा.

फेऱ्या कमी करायच्या तर पार्टीचं टेबल बिलांच्या टेबलला जॉइन करून (जोडून) नाव त्याच क्वेरीत आणायचं, ते सोपं आहे. पण येणं बाकी काढायला आलेल्या पैशांच्या पावत्यांचं टेबल तसंच सरळ जोडू नका, एका बिलाच्या तीन पावत्या असल्या तर ते बिल तीनदा येतं आणि खालची टोटल चुकते, आणि अकाउंट्समध्ये चुकीची टोटल ही स्लो स्क्रीनपेक्षा कितीतरी वाईट. पावत्यांची बेरीज आधी बिल नंबरप्रमाणे ग्रुप करून घ्यायची आणि मग ती बिलांना लेफ्ट जॉइन करायची, म्हणजे ज्या बिलाची एकही पावती नाही तेही लिस्टमध्ये राहतं. एंटिटी फ्रेमवर्क (सी शार्पच्या कोडवरून क्वेरी आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरत असाल आणि लेझी लोडिंग (जोडलेला डेटा लागेल तेव्हाच आणणं) चालू असेल तर हा लूप तुम्हाला कोडमध्ये दिसणार पण नाही, ग्रिडच्या (स्क्रीनवरच्या तक्त्याच्या) कॉलमला पार्टीचं नाव बाइंड केलं की प्रत्येक नव्या पार्टीला क्वेरी सुटते. तिथे इन्क्लूड वापरा (म्हणजे पार्टी बिलांबरोबरच येते), किंवा मला जास्त आवडतं ते म्हणजे सिलेक्टमध्ये हवे तेवढेच कॉलम घ्या.

सिलेक्ट स्टार, म्हणजे सगळेच कॉलम मागवणं, तर काढाच. बिलाच्या टेबलमध्ये स्कॅन केलेली पीडीएफ ठेवलेली असेल तर लिस्टसाठी ती ४०० वेळा कशाला ओढायची?

पार्टी निवडायच्या कॉम्बोबॉक्समध्ये (खाली उघडणाऱ्या यादीत) फॉर्म उघडतानाच सगळ्या पार्ट्या भरू नका, तीन अक्षरं टाइप झाली की मग शोधा, आणि लाइकच्या शोधात टक्क्याचं चिन्ह (म्हणजे 'इथे काहीही चालेल') शब्दाच्या शेवटी लावा, पुढे लावलं की इंडेक्स असून उपयोग नाही. तारखेचंही असंच, कॉलमवर इयर फंक्शन (तारखेतून वर्ष काढणारं) लावलं की इंडेक्समध्ये थेट उडी मारता येत नाही, सगळं चाळत जावं लागतं. १ एप्रिल २०२५ पासून पुढे आणि १ एप्रिल २०२६ च्या आधी, असं सरळ लिहायचं, आर्थिक वर्षाला तसंही हेच लागतं.

एक गोष्ट सहज सुटते. बिल नंबरचा कॉलम व्हारचार (साधा मजकूर) असेल आणि सी शार्पमधून ॲडविथव्हॅल्यूने पॅरामीटर दिला तर तो एनव्हारचार (युनिकोड मजकूर) म्हणून जातो, आणि ज्या डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारा नियम) जुन्या एसक्यूएल प्रकारचं आहे तिथे एक बिल शोधायला अख्खा इंडेक्स चाळला जातो. पॅरामीटरचा टाइप आणि लांबी स्वतः द्या, दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं करून पण अडकतंय? मग क्वेरीला लागलेला वेळ आणि ग्रिड भरायला लागलेला वेळ स्टॉपवॉच लावून वेगवेगळे मोजा. डेटाग्रिडव्ह्यूमध्ये (विंडोज फॉर्म्सच्या ग्रिडमध्ये) सगळ्या सेलप्रमाणे कॉलमची रुंदी ठरवायचं सेटिंग चालू असेल तर तो प्रत्येक सेल मोजत बसतो, डेटा कधीचाच आलेला असतो. ते सेटिंग बंद करा, आणि दहा हजार ओळी दाखवण्यापेक्षा शंभर-शंभरच्या पानांनी दाखवा, तेवढ्या ओळी कोणी वाचत नाही.

बरेच जण स्पीडसाठी जिथे तिथे नोलॉक (लॉक सुटायची वाट न बघता वाच, अशी क्वेरीतली सूचना) टाकतात, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्लीज करू नका, कमिट न झालेली, म्हणजे अजून पक्की नसलेली, एंट्री पण वाचली जाते आणि ती नंतर रोलबॅक (रद्द) झाली तर दाखवलेली बाकीच खोटी ठरते.

आणि टेस्टिंग करताना सर्व्हर स्वतःच्याच मशीनवर ठेवू नका, दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि मध्ये मुद्दाम उशीर घाला. विंडोजवर क्लम्सी नावाचं फुकट टूल आहे, त्यात मिलिसेकंद टाकता येतात. आम्ही आता प्रत्येक नवीन स्क्रीन एकूण ३५ मिलिसेकंदांची फेरी ठेवूनच उघडून बघतो, तुर्भ्याला पाठवायच्या आधी.