सबमिशनच्या आधी आपल्याच लेखनातले वाङ्मयचौर्य कसे ओळखावे

वाङ्मयचौर्याबद्दल विद्यार्थ्यांना बहुतेकदा दोनच गोष्टी सांगितल्या जातात : कॉपी करू नका आणि शेवटी संदर्भयादी द्या. एवढ्याने भागत नाही. दुसऱ्याचा आख्खा निबंध उचलून वर स्वतःचे नाव घालणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्के ठाऊक असते. माझ्याकडे मसुदे घेऊन येणारे बहुतेक विद्यार्थी तसे नसतात. ते मेहनत करतात, संदर्भयादीही देतात, आणि तरी त्यांचे कित्येक परिच्छेद दुसऱ्या कुणाचे तरी असतात. ते त्यांना दिसत नाही, कारण चोरीचे एकच रूप त्यांना कुणीतरी दाखवलेले असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मसुदा तयार आहे आणि वापरलेले स्रोत हाताशी आहेत, असे धरून चालते.

आधी प्रत्येक वाक्याचा मालक ठरवा

मसुदा छापून घ्या आणि तीन रंगांची पेने घ्या. स्वतःचे निरीक्षण, मोजमाप किंवा निष्कर्ष असेल त्याला एक रंग, कुणाकडून तरी घेतलेल्या गोष्टीला दुसरा, आणि सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला तिसरा. समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, यासाठी संदर्भ लागत नाही. पण तिसरा रंग हात राखून वापरा. ‘हे काय, सगळ्यांनाच माहीत आहे’ असे वाटणारी गोष्ट तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी माहीत होती का, ते स्वतःला विचारा. नसेल, तर ती दुसऱ्या रंगात जाते.

रंग लावताना एखाद्या वाक्यापाशी ‘हे कुठून आले बरे?’ असा प्रश्न पडला, तर ते सोडून पुढे जाऊ नका. हेलन केलर अकरा वर्षांची असताना तिने लिहिलेली एक गोष्ट मार्गारेट कॅन्बी यांच्या आधीच छापलेल्या गोष्टीशी फार जुळते, असे लक्षात आले. ती गोष्ट तिला पूर्वी कुणीतरी ऐकवली असावी आणि तिच्या मनात ती स्वतःचीच म्हणून राहिली असावी. असे कुणाचेही होऊ शकते. म्हणून तर पेन घेऊन बसायचे.

शब्दशः उतरवलेले

अवतरणचिन्ह आणि स्रोत, दोन्ही हवेत. स्रोत दिला पण अवतरणचिन्ह नाही, तर ते शब्द तुमचे आहेत असाच वाचकाचा समज होतो. हेही वाङ्मयचौर्यच. या पायरीत याहून अवघड काही नाही.

‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ : इथेच सगळे अडते

पदव्युत्तर शिक्षणातला माझा पहिला मोठा लेख मार्गदर्शक बाईंनी परत केला, तेव्हा त्यांनी एक शब्दही लिहिला नव्हता. माझे पान आणि मूळ पुस्तकाचे पान शेजारी ठेवून दोन्हींतल्या जुळणाऱ्या रचनांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. माझे जवळजवळ सगळे पान रेघांनी भरले होते. मला खरोखर धक्का बसला, कारण मी एकही वाक्य जसेच्या तसे उतरवले नव्हते. प्रत्येक शब्द बदलला होता, शेवटी स्रोतही दिला होता. नेमकी चूक काय झाली हे कळायला मला पुढचे अख्खे सत्र लागले. ती चूक एका उदाहरणाने सांगते. हा उतारा मी या लेखासाठीच रचला आहे. तो तुम्ही वाचलेल्या पुस्तकातला आहे असे समजा :

“शहरांतील डांबरी रस्ते आणि सिमेंटच्या इमारती दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि रात्री ती हळूहळू बाहेर सोडतात. त्यामुळे शहरांचे रात्रीचे तापमान आसपासच्या ग्रामीण भागापेक्षा जास्त राहते.”

आणि हे विद्यार्थ्याचे लेखन :

“नगरांमधील डांबराचे मार्ग आणि काँक्रीटची बांधकामे दिवसा ऊष्मा शोषतात व रात्री तो सावकाश मुक्त करतात. परिणामी नगरांचे रात्रीचे तापमान भोवतालच्या खेड्यांपेक्षा अधिक असते.”

शब्द बदलले, पण बाकी काय बदलले? आधी रस्ते मग इमारती, आधी दिवस मग रात्र, आधी कारण मग परिणाम. दोन वाक्ये होती, दोनच राहिली. दुसऱ्याच्या सांगाड्यावर समानार्थी शब्दांची ठिगळे लावली, एवढेच. अमेरिकेतल्या लेखन-अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी 1990च्या दशकात याला ‘पॅचरायटिंग’ हे नाव रूढ केले. त्यांचे म्हणणे असे की हे पुष्कळदा फसवण्याच्या हेतूने होत नाही. नवखा लेखक अवघड मजकूर समजून घेण्याच्या धडपडीत असे लिहितो. मला हे पूर्ण पटते, माझेही तेच झाले होते. पण परीक्षकासमोर पान जाते, तुमचा हेतू जात नाही. म्हणून ते सुधारूनच द्यावे लागते.

ही ओळख नवीन नाही. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात हरणाचे, म्हणजे दुसऱ्याचे उचलण्याचे, प्रकार पाडले होते. अर्थ तोच आणि केवळ वाक्याची मांडणी निराळी, त्याला त्याने ‘प्रतिबिंबकल्प’ म्हटले. थोडे संस्कार करून तीच वस्तू वेगळी भासवली, तर ‘आलेख्यप्रख्य’. आरशातले प्रतिबिंब आणि चित्र. तुमचा परिच्छेद मुळाशेजारी ठेवा आणि यांपैकी काय दिसते ते पाहा. मला शिकवण्याच्या इतक्या वर्षांत याहून नेमके शब्द सापडलेले नाहीत.

आता उपाय. ‘दर वाक्यातले तीन-चार शब्द बदला’ असा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. ठिगळे लावायला शिकवणारा सल्ला आहे तो. ‘कर्तरीचे कर्मणी करा’ हाही तसलाच. मी जे करते आणि करायला लावते ते असे : स्रोत वाचा आणि मिटून दूर ठेवा. स्क्रीनवर असेल तर खिडकी बंद करा. अर्ध्या स्क्रीनवर स्रोत आणि अर्ध्यावर आपला मसुदा, या सवयीतून मी ठिगळांखेरीज काही निघालेले पाहिले नाही. मग उठा, दुसरे काही काम करा. परत आल्यावर त्या विषयातले काही ठाऊक नसलेल्या माणसाला सांगावे तसे तोंडाने सांगा. अडखळलात, तर मजकूर तुम्हाला समजलेला नाही, पुन्हा वाचा. न अडखळता सांगता आले की लगेच लिहा, आणि त्यानंतरच स्रोत उघडून आकडे, नावे व अर्थ तपासा. तपासताना मूळ वाक्याचे वळण आपल्या लेखनात घुसू देऊ नका.

असे केल्यावर वरचा उतारा साधारण असा उतरतो :

“शहराचा उकाडा सूर्यास्तानंतरही का टिकतो याचे उत्तर अमुक (वर्ष, पृष्ठ) यांनी बांधकामाच्या साहित्यात शोधले आहे : दिवसा साठलेली उष्णता डांबर आणि सिमेंट अंधार पडल्यावर परत देत राहतात. शहर आणि खेडे यांची तुलना करायची असेल, तर केवळ दुपारची मोजमापे घेऊन चालणार नाही. म्हणून या अभ्यासात रात्रीच्याही नोंदी घेतल्या आहेत.”

इथे माहिती त्यांची आहे आणि ती सुरुवातीलाच त्यांच्या नावावर केली आहे. पुढचा विचार लिहिणाऱ्याचा आहे. ही सीमा वाचकाला स्पष्ट दिसते. परिच्छेदभर लिहून अगदी शेवटी कंसात एकच नाव टाकण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण उसने घेतलेले कुठे सुरू झाले ते तिच्यातून कळत नाही. ‘अमुक यांच्या मते’ असे म्हणून सुरुवात करा.

आणि ‘डांबर’ आणि ‘सिमेंट’ हे शब्द तसेच राहिले आहेत, तेही पाहा. पारिभाषिक शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात. ‘प्रकाशसंश्लेषण’ हे प्रकाशसंश्लेषणच राहू द्या.

ठिगळे बहुतेकदा मसुद्याच्याही आधी, टिपणांत जन्माला येतात. वहीत तीन महिन्यांपूर्वी उतरवलेले वाक्य तुमचे की पुस्तकातले, हे आज आठवणार नाही. म्हणून टिपण काढताना जसेच्या तसे घेतलेले अवतरणचिन्हांत, स्वतःच्या शब्दांतले चिन्हांशिवाय आणि स्वतःचा विचार चौकटीत लिहा. प्रत्येकाशेजारी पृष्ठक्रमांक. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

भाषांतर म्हणजे नवे लेखन नव्हे

एका भाषेत वाचून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. ‘मी इंग्रजीतून वाचले आणि मराठीत लिहिले, म्हणजे शब्द माझेच ना?’ हे मला दरवर्षी ऐकावे लागते. वाक्यामागून वाक्य भाषांतरित केले असेल, तर ते मूळ लेखकाचेच आहे. हंगेरीचे माजी राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांचा 1992चा डॉक्टरेटचा प्रबंध असाच होता : त्यातला फार मोठा भाग बल्गेरियन अभ्यासक निकोलाय गेओर्गिएव्ह यांच्या फ्रेंच लेखनाचे भाषांतर निघाला. वीस वर्षांनी, मार्च 2012मध्ये, विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि एप्रिलमध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले.

भाषांतरित वाक्य हवेच असेल, तर अवतरणात द्या, स्रोत द्या आणि ‘भाषांतर माझे’ असे नोंदवा. नाहीतर वर सांगितलेली मिटून ठेवण्याची पद्धत वापरा. ती इथेही तितकीच चालते.

मजकूर यंत्राने दुसऱ्या भाषेत नेऊन परत आणणे किंवा ‘पॅराफ्रेझिंग टूल’मधून काढणे, याविषयी माझे मत कठोर आहे. हे अनवधान नाही, लपवाछपवी आहे. शिवाय ते उघडे पडते. गिओम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी 2021मध्ये छापील शोधनिबंधांत अशा पिळवटलेल्या शब्दांचा माग काढला : ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलोसल इन्फर्मेशन’. विषय जाणणारा माणूस असे लिहूच शकत नाही, आणि त्यावरूनच ते पकडले गेले.

सांगाडा, आकृत्या आणि न वाचलेले संदर्भ

वाक्ये पूर्ण तुमची असली, तरी मुद्द्यांचा क्रम, वर्गीकरण किंवा युक्तिवादाचे टप्पे एखाद्या लेखातून घेतले असतील, तर तसे स्पष्ट लिहा : ‘ही मांडणी अमुक यांना अनुसरून केली आहे.’ तक्ता, आलेख, छायाचित्र, संगणकाचा कोड यांनाही हाच नियम. आलेख स्वतः नव्याने काढला, तरी त्यातली माहिती कुणाची ते खाली हवे.

‘क्ष’ने दिलेला ‘य’चा संदर्भ तुम्ही ‘क्ष’मध्येच वाचला असेल, तर यादीत थेट ‘य’ घालू नका. ‘य, क्ष यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे लिहा, किंवा ‘य’ मिळवून वाचा. ‘क्ष’ने पृष्ठक्रमांक चुकवला असेल, तर तीच चूक तुमच्याकडे येते आणि न वाचलेले वाचल्याचा आव उघड होतो.

बाकीचे प्रकार

एका विषयासाठी दिलेली स्वतःचीच असाइनमेंट दुसऱ्या विषयाला न सांगता देणे हे स्व-वाङ्मयचौर्य, आधी विचारा. वैयक्तिक काम मित्राबरोबर मिळून लिहिणे हाही दोष. चर्चा करा, लिहायला वेगळे बसा. पैसे देऊन लिहून घेतलेल्याबद्दल मला काही सांगायचे नाही. एआयकडून काय घेता येते, ते तुमच्या संस्थेच्या नियमांत पाहा, जे घेतले ते जाहीर करा आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहा. अस्तित्वातच नसलेली पुस्तके तो खात्रीने सांगतो.

कॉपीराइट हा वेगळा प्रश्न आहे. हक्क संपलेल्या जुन्या ग्रंथातले वाक्य छापायला कुणाची परवानगी लागत नसेल, पण ते स्वतःचे म्हणून दिलेत तर वाङ्मयचौर्य होतेच.

सिमिलॅरिटी रिपोर्ट

हा सगळ्यात शेवटी काढा. टर्निटिनसारखे सॉफ्टवेअर चोरी शोधत नाही, जुळणारा मजकूर शोधते आणि त्याची टक्केवारी देते. आकडा खाली आणण्यासाठी वाक्ये फिरवत बसणे हे तर मला अजिबात सहन होत नाही : एक टक्का उरलेल्या लेखात तो एक टक्का म्हणजे एक उचललेला परिच्छेद असू शकतो, आणि पंचवीस टक्क्यांच्या लेखात सगळे जुळणारे भाग रीतसर अवतरणे, संदर्भयादी आणि ठरावीक शीर्षके असू शकतात. डिजिटल न झालेले पुस्तक त्याला दिसत नाही. भाषांतर पुष्कळदा सुटते. आकडा बाजूला ठेवा, रिपोर्टने रंगवलेली प्रत्येक ओळ उघडा आणि विचारा : इथे वाचकाला मालक दिसतो का?

सबमिशननंतर एखादी चूक सापडली, तर त्याच दिवशी गाइडना लिहा : कोणते पान, कोणता परिच्छेद, मूळ स्रोत कोणता, आणि सोबत दुरुस्त केलेला मजकूर. त्यांना ती सापडण्याची वाट पाहू नका.