रॅगिंगची तक्रार: आधी कागद, मग कोर्ट

पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी आवक-जावकच्या टेबलावर. कॉलेजात आलेला कागद कुठे मुरतो हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही माझ्या भाच्यावर रॅगिंगची वेळ आली, तेव्हा मी एकामागून एक तीन चुका केल्या. त्यानंतर ओळखीपाळखीतून अशी बरीच घरं माझ्याकडे आली. प्रत्येकाला कुणी ना कुणी आधीच सल्ला दिलेला असतो: थेट हायकोर्टात जा, चॅनेलवाल्यांना बोलवा, नगरसेवकांना फोन लावा. पहिल्या आठवड्यात यातलं काहीही करू नका.

सगळ्यात आधी मुलाला डॉक्टरकडे न्या. ससूनला, म्हणजे पुण्याच्या सरकारी हॉस्पिटलात न्या किंवा जवळच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात, पण केसपेपरवर 'जिन्यावरून पडलो' असं लिहू देऊ नका. भीतीपोटी मुलं हमखास तेच सांगतात आणि पुढे आरोपीचा वकील तोच कागद नाचवतो. मारहाण झालीय हे स्पष्ट सांगा आणि एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण असल्याची वैद्यकीय नोंद करायला लावा. अंगावर वळ नसले, पण मूल झोपत नसेल, जेवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा कागदही तितकाच कामाचा.

मोबाईलमधलं काही पुसू नका, फोन बदलू नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. अख्खं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

आता अर्ज. माझं घोडं इथेच अडलं होतं.

महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, १९९९ चा. ज्याने विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल, असं वागणं म्हणजे रॅगिंग, इतकी त्याची व्याख्या रुंद आहे. एरवी जे मूल स्वखुशीने करणार नाही ते करायला लावणंही त्यात येतं. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात आणि ५ वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. पण पालकांच्या कामाचं खरं कलम आहे सहावं. लेखी तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. यात हयगय केली तर सातव्या कलमानुसार प्राचार्यांनीच गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं, आणि गुन्हा शाबीत झाला तर शिक्षाही तीच.

म्हणजे घड्याळ सुरू होतं ते लेखी तक्रारीपासून. हे कॉलेजलाही पक्कं माहीत असतं. म्हणून तर तुम्ही गेलात की चहा येतो. 'मॅडम, कागद कशाला, आपण बसून बोलू. आपलीच पोरं आहेत.' मी बसून बोलले. तीनदा बोलले. चौथ्यांदा गेले तेव्हा सुट्ट्या लागल्या होत्या आणि रेक्टरसाहेब म्हणाले, तुमची तक्रार आलीच नव्हती. ही माझी पहिली चूक. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारणारी बाई स्वतःच्या कामासाठी पोच न घेता परत आली! तेव्हा चहा प्या हवं तर, पण अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. 'साहेब सुट्टीवर आहेत' म्हणाले तर त्याच दिवशी जीपीओत जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, शिवाय कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर टाका.

दुसरी चूक सहीची. भाचा माझ्याकडे राहायचा, त्याचे आईवडील लातूरला, म्हणून अर्जावर सही मीच ठोकली. कॉलेजने आठ दिवस ठेवून घेतला आणि 'आपण विद्यार्थ्याच्या पालक नाही' असा शेरा मारून परत केला. कायद्यात तक्रार करणारे म्हणजे विद्यार्थी, आईवडील किंवा पालक, नाहीतर शिक्षक. मामा-मावशी-काका त्यात बसतात का, यावर कॉलेज वाद घालत बसतं. मुलाची आणि आईवडिलांपैकी एकाची अशा दोन सह्या घ्या, वादच मिटला.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. ती होती भाषेची. मी लिहिलं होतं, 'वरच्या वर्गातील मुलांनी शिवीगाळ करून मारहाण केली.' पोलीस चौकीत हवालदारांनी वाचलं आणि म्हणाले, 'काकू, एनसी घेतो.' मला वाटलं, झालं काम. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, तिच्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय तपासच होत नाही, हे मला तीन आठवड्यांनी एका वकिलाने सांगितलं. भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत म्हणजे कलम ११५(२), आणि शिवीगाळ करून अपमान म्हणजे ३५२. दोन्ही अदखलपात्र. मी माझ्या हातानेच प्रकरण त्या खणात टाकलं होतं. प्रत्यक्षात भाच्याला रात्रभर खोलीत कोंडलं होतं, बाहेरून कडी लावली होती आणि 'फ्रेशर पार्टी'च्या नावाखाली धमकावून पैसे काढले होते. अडवणं कलम १२६, कोंडून ठेवणं १२७, धमकावून पैसे उकळणं ३०८, ही तिन्ही दखलपात्र. घातक ठरेल अशा वस्तूने मारलं तर ११८, हाड मोडलं तर ११७, तीही तशीच. मुलगी असेल आणि अंगाला हात लावला, कपडे काढायला लावले, तर ७४ पासून पुढची कलमं. पहिल्या वर्षाचं मूल सतरा वर्षांचं असू शकतं हे विसरू नका. लैंगिक प्रकार असेल तर मग पॉक्सो, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो.

तुम्हाला कलमांचे आकडे घालायची गरज नाही, ते पोलीस घालतील. तुम्ही काय घडलं ते क्रमाने लिहा. जे झालं नाही ते एक अक्षर लिहू नका, पण जे झालं ते 'त्रास दिला' या शब्दात गुंडाळू नका. 'त्रास दिला' हा शब्द मी आता अर्जात दिसला की खोडते. साधारण असं लिहा:

'दि. ... रोजी रात्री सुमारे ११ वाजता वसतिगृहाच्या खोली क्र. ... मध्ये अमुक, तमुक व ओळखू येईल असा आणखी एक जण यांनी मला बोलावून दाराला आतून कडी लावली. मी बाहेर जाऊ का विचारले असता अमुकने दारात उभे राहून जाऊ दिले नाही. पहाटे ४ पर्यंत मला सोडले नाही. या वेळी माझा रूम पार्टनर बाहेरच्या पॅसेजमध्ये होता.'

शेवटी तीन मागण्या करा: कलम ६ प्रमाणे ७ दिवसांत कार्यवाही, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या विनियमांप्रमाणे २४ तासांत एफआयआर, आणि त्या रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. फुटेजची मागणी पहिल्याच अर्जात करा. बहुतेक यंत्रणा काही दिवसांनी जुन्यावर नवं चढवतात, आणि कॉलेजला ते चढू द्यायचंच असतं.

'प्रकार कात्रजच्या फ्लॅटवर झाला, कॉट बेसिसवर (भाड्याच्या खाटेवर) राहणाऱ्यांशी कॉलेजचा संबंध नाही,' हे उत्तर आलं तर हसून सोडून द्या. १९९९ चा कायदा संस्थेच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही रॅगिंगला मनाई करतो.

बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत. यूजीसीच्या हेल्पलाइनला, १८००-१८०-५५२२, फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर अर्जाची प्रत विद्यापीठाला, मेडिकलचं असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगालाही.

पोलीस ठाणं कुठलं, यावर वेळ घालवू नका. हिंजवडी, वाकड, तळेगाव हे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं आणि लोक उगाच शिवाजीनगरला हेलपाटे घालतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात फिर्याद घ्यावी लागते, शून्य क्रमांकाने नोंदवून ती पुढे पाठवतात. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय. ३ वर्षं ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढं मात्र थांबावं लागेल. तरीही टाळाटाळ झाली तर झोनच्या पोलीस उपायुक्तांना लेखी, आणि तिथेही काही नाही तर कलम १७५(३) खाली शिवाजीनगर कोर्टात दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. उपायुक्तांची पायरी गाळली तर अर्ज तिथेच अडकतो. त्याचीही पोच ठेवा.

मूल अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि जातीवरून बोललं गेलं असेल, तर ॲट्रॉसिटीचा उल्लेख पहिल्या फिर्यादीतच हवा. २०१९ साली मुंबईत आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर रॅगिंग कायदा आणि ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही लावले गेले होते. जातीवरून नेमके काय शब्द वापरले, कुणासमोर वापरले, ते लिहिताना संकोचू नका.

आणि मूल गेलंच असेल, तर. अशा दोन घरांत मी गेले आहे. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात. ती नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, हे त्या अवस्थेत कुणाच्या लक्षात येत नाही. दिवसकार्य झाल्यावर बघू म्हणून घर गप्प बसतं आणि तोवर हॉस्टेलची खोली रिकामी करून धुतलेली असते. शेजारपाजारच्या एका शांत माणसाला त्याच दिवशी पोलिसांत पाठवा. खोली सील करायला, फोन पंचनाम्यात घ्यायला सांगा. आत्महत्येस प्रवृत्त करणं हे न्याय संहितेचं कलम १०८, मूल अठराच्या आतलं असेल तर १०७. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा, आणि मृत्यूबद्दलचा तो दावा २ वर्षांच्या आत लावावा लागतो. कुणी ग्राहक आयोगाचा (जुन्या ग्राहक मंचाचा) रस्ता सुचवला तर मी नको म्हणते. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नाही, असे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. त्या वादात दोन-तीन वर्षं हकनाक जातात.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. हायकोर्टात रिट याचिका करायची वेळ आली तर पुण्याचं काम मुंबईतच चालतं. २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं खरं, पण पुणे त्यात नाही.

कॉलेज मध्येच माफीनामा पुढे करेल. आरोपी मुलांनी 'पुन्हा करणार नाही' असं लिहून द्यायचं आणि खाली तुम्ही 'आमची तक्रार नाही' अशी सही करायची. ती सही मी एकाही घराला करू दिलेली नाही. सोबत मुलाचा टीसी घेऊन जा असाही सल्ला येतो. प्रवेश बदलायचाच असेल तर बदला, पण सातव्या दिवसाचं लेखी उत्तर हातात पडेपर्यंत टीसीचा अर्ज करू नका. तोवर हजेरी आणि परीक्षेचं बघायला दुसरा अर्ज द्या: प्रकृतीमुळे बुडालेले तास, डॉक्टरांचा कागद जोडून. त्याचीही पोच.