उदासीच्या आधीचे दिवस विचारा

तुम्ही आता रुग्णांची पहिली मुलाखत घ्यायला शिकताय, म्हणून सांगते. माझ्या जुन्या वहीत एक पान आहे. तिशीतला पुरुष, दोन महिने उदास, कशातच रस नाही, सतत थकवा, दिवसाचे बारा-तेरा तास झोप, कामात लक्ष लागत नाही, सगळा दोष स्वतःकडे. नैराश्याच्या नऊपैकी सहा लक्षणं, दोन आठवड्यांची अट पूर्ण, नोकरीवर झालेला परिणाम स्पष्ट. खाली मी ठळक अक्षरांत ‘मेजर डिप्रेशन’ लिहून दोनदा अधोरेखित केलंय. पस्तीस मिनिटांत हिस्ट्री, म्हणजे आजाराची सगळी विचारपूस, संपवली होती आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्या नोंदीवर विसंबून डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. तिसऱ्या आठवड्यात त्याची बहीण त्याला घेऊन आली. तो खुर्चीत टिकत नव्हता. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करत होता. राजीनामा देऊन झाला होता, साठवलेले पैसे कुठल्याशा नव्या धंद्यात घालून झाले होते. हा सरळसरळ उन्माद होता. मी बहिणीला विचारलं, असं पूर्वी कधी झालं होतं का? ती म्हणाली, “झालं होतं की, तीन वर्षांपूर्वी. आठ-दहा दिवस रात्री दोन-दोन वाजता उठून घराच्या भिंती रंगवत होता. आम्हाला वाटलं, हुरूप आलाय.”

हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

गोळीमुळेच हे झालं की आजार आपल्या चालीने तसाही वर गेला असता, हे एका रुग्णाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. पण बायपोलरमध्ये, म्हणजे कधी उदासी तर कधी उन्माद असे टप्पे येणाऱ्या आजारात, मूड स्थिर ठेवणारं औषध न देता नुसती नैराश्याची गोळी दिली, तर उन्माद उसळण्याचा धोका असतो. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. समोर रडणारा माणूस बसला की मात्र आपण फक्त रडण्याबद्दलच विचारतो.

यातली खरी मेख समजून घ्या. बायपोलरचा रुग्ण मदत मागायला बहुतेकदा उदासीच्या टप्प्यात येतो, आणि त्या टप्प्यातलं नैराश्य दिसायला अगदी साध्या नैराश्यासारखंच असतं. वरचा टप्पा त्याच्या लेखी आजार नसतोच. सावरल्यावर मी या रुग्णाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “तेवढेच तर माझे चांगले दिवस होते, ते कशाला सांगू?” म्हणून ‘तुम्हाला कधी खूप आनंद झाला होता का?’ या प्रश्नाचा काही उपयोग नाही. त्याचं उत्तर कुणीही ‘हो’ देईल. झोपेपासून सुरुवात करा. ‘असे काही दिवस आठवतात का, की तीन-चार तासच झोपलात आणि तरी दुसऱ्या दिवशी थकवा नाही, उलट अंगात नेहमीपेक्षा जास्त जोर?’ झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. चिंतेने जागा राहिलेला माणूस सकाळी गळून गेलेला असतो. होकार आला तर पुढे जा: किती दिवस, तेव्हा बोलणं वाढलं होतं का, खर्च, नवे बेत, घरच्यांशी खटके? सलग चार दिवस असं असेल तर सौम्य उन्मादाचा विचार करायचा, आठवडाभर टिकलं किंवा दाखल करावं लागलं तर पूर्ण उन्मादाचा. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचे निकष सांगणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, मूडच्या जोडीला वाढलेली ऊर्जा आणि हालचाल ही मूळ अटीतच घातली गेली. माणसाला आपला मूड आठवला नाही, तरी आपण काय काय केलं ते बहुतेकदा आठवतं. आणि त्याची परवानगी घेऊन घरच्यांशी बोला. कितीही घाई असली तरी बोला.

यानंतर चार-पाच महिने मला जिथे तिथे बायपोलर दिसू लागला. हेही तुमचं होईल, घाबरू नका. दिवसातून चारदा मूड बदलणं म्हणजे बायपोलर नव्हे. चांगल्या बातमीने दोन दिवस उड्या मारणं तर नव्हेच.

बाकीच्या विकारांत मला एवढी मोठी ठेच लागली नाही, म्हणून थोडक्यात सांगते. सतत सगळ्याचीच चिंता करण्याच्या विकारात (जीएडी) डीएसएम सहा महिन्यांची मुदत सांगतो. परीक्षेच्या आधीची महिन्याभराची धाकधूक तिथे बसत नाही. पॅनिकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या प्रचंड भीतीचा, एखादा झटका म्हणजे पॅनिक डिसऑर्डर नाही, पुन्हा येईल या भीतीने महिनाभर आयुष्य आक्रसलेलं असावं लागतं. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती करायला लावणाऱ्या विकारात, हात धुणाऱ्याला सगळेच ओळखतात. मनातल्या मनात मोजणारा किंवा नको त्या विचारांनी शरमलेला माणूस मात्र विचारल्याशिवाय बोलत नाही. थकवा आणि मंदपणा दिसला की थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगा. धडधड आणि वजनात घट दिसली तरीही थायरॉइड. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचाराच.

पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर १४ गुण आले म्हणून ‘नैराश्य’ लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. ती चाळणी आहे, निदान नव्हे. भिंती रंगवण्याबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्यापेक्षा जास्त आलं, तर कागद बाजूला ठेवून तोंडी, स्पष्ट शब्दांत विचारा आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा. विचारल्याने आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरत नाही. विचारायला मीही कचरत असे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरच्या बाई हुश्श करून रडल्या.

आणि मार्गदर्शक निवडता आला, तर तुम्ही रुग्णाशी बोलताना खोलीत येऊन बसणारा निवडा. केस ऐकून दोन मिनिटांत निदान सांगणारे सर मलाही फार हुशार वाटायचे. मला शिकवलं मात्र त्या मॅडमनी, ज्या मागे खुर्ची टाकून मुकाट ऐकायच्या आणि नंतर फक्त विचारायच्या, “हे तुला कुणी सांगितलं, की तू धरून चाललीस?”

निदानाच्या ओळीत मी आता पहिल्या भेटीनंतर ‘तात्पुरतं’ हा शब्द लिहिते, आणि त्याखाली अजून कोणते प्रश्न विचारायचे राहिलेत ते तारखेसह. परवाच्या केसखाली लिहिलंय: आईशी बोलणं बाकी, झोपेचं नीट विचारलेलं नाही, थायरॉइडचा रिपोर्ट यायचाय.