मुलगी जेवण तोडते तेव्हा ताट कोणी वाढायचं

जाड होण्याच्या धास्तीने मुलगी (मुलगाही) घास कमी करत चालली, पाळी थांबली, तर अ‍ॅनोरेक्सिया या मानसिक आजाराची शंका घ्या. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून आलेल्या कुटुंबाधारित उपचारात काय आणि किती खायचं, हे सुरुवातीचे काही महिने आईवडीलच ठरवतात.

आधी दवाखाना. घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयात नाडी, रक्तदाब, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस तपासा. जागेपणी नाडी ५० च्या खाली, चक्कर येऊन पडणं किंवा पाणीही बंद असेल, तर लगेच भरती करा. बरेच दिवस उपाशी राहिलेलीला एकदम भरपेट वाढणं धोक्याचं: रक्तातलं फॉस्फरस झपाट्याने उतरतं, हृदयावर बेततं. आहार किती वेगाने वाढवायचा, ते डॉक्टरांनाच विचारा.

घरी तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, वेळा ठरलेल्या. पोट लवकर भरतं, म्हणून ताटात ढीग नको. वरणावर दोन चमचे तूप घाला, सुमारे ९० कॅलरी वाढतात. भाकरीसोबत तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, धपाट्यासोबत सायीचं दही. तूप चोरून मात्र घालू नका. कळलं की ती ताटालाच हात लावत नाही.

शेजारी एकाने बसायचं. कॅलरीवर वाद नाही. "अवघड जातंय, दिसतंय मला. पुढचा घास घे," एवढंच. भाकरीचे तुकडे ओढणीत सापडले तर न रागावता पुन्हा वाढा. जेवणानंतर तासभर बाथरूमला एकटी सोडू नका, दोरीच्या उड्याही बंद.

घोळ बहुतेक वेळा मोठ्यांतच होतो. आई वाढते आणि बाप म्हणतो, "जाऊ दे, नको असंल तर." दुसऱ्या दिवशी तेही खाणं जातं. म्हणून रात्री दोघांनी आधी बोलून घ्यावं. आजी कौतुकाने "अंगानं भरलीस गं" म्हणते, मुलीला "जाड झालीस" ऐकू येतं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, सगळे उपास बंद. आजीला हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. लातूरला क्लाससाठी मेसवर जेवणाऱ्या मुलीचं हे लांबून जमत नाही. तिला घरी आणा, नाहीतर आईने तिथे खोली घ्यावी.

वजन आठवड्यातून एकदा: सकाळी, लघवीनंतर, हलक्या कपड्यांत, एकाच काट्यावर. आधी भरपूर पाणी पिऊन आकडा फुगवला जातो, तेवढं लक्ष ठेवा.

वजन सावरलं की आधी एक मधलं खाणं तिच्या हाती द्या, मग एक जेवण. अडलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतून, फुकट.