माल नवा, हात जुना: शरदातल्या स्वयंपाकात या चुका टाळा

भोपळ्याची भाजी पाणचट झाली. रताळं तासभर उकडलं तरी मधोमध टणकच. अळकुडीने घसा खाजवला. आणि भाताचा तर सरळ गोळा! पावसाळा मागे पडून थंडी यायच्या मधल्या दोन महिन्यांत माझ्या स्वयंपाकघरात या चारही गोष्टी झालेल्या आहेत, काही तर एकाच आठवड्यात. कितीतरी वर्षं मी दोष भाजी विकणाऱ्याला देत होते. नंतर कळलं की भाजी चांगलीच होती. ती नुकती शेतातून आलेली होती आणि मी तिला कोठारातल्या जुन्या मालासारखी वागवत होते.

शरदातल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच. नव्या पिकात पाणी जास्त, साल कोवळी आणि गोडी बऱ्याचदा अजून यायची असते. वर्षभर अंदाजाने घातलेलं पाणी, ठरलेल्या शिट्ट्या, नेहमीची फोडणी हे सगळं तिथे थोडं थोडं चुकतं.

भोपळा: घाई नडते

पहिली चूक विकत घेतानाच होते. नुकता तोडलेला लाल भोपळा दिसायला देखणा असला तरी त्यात पिष्ट जास्त आणि साखर कमी असते. तोडल्यानंतर काही आठवडे तो नुसता पडून राहिला की आतल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. म्हणून अख्खा भोपळा आणला तर तो कोरड्या, हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा आणि पंधरा-वीस दिवस विसरून जा. फ्रिज नको. दहा ते पंधरा अंश सेल्सियसच्या आसपास तो महिनोन् महिने टिकतो. मात्र देठ शाबूत हवं. देठ मोडलेला भोपळा तिथूनच सडायला लागतो. निवडताना देठ वाळून बुचासारखं झालंय का पाहा आणि सालीवर नख दाबा. नख रुतलं तर तो अजून कोवळा आहे.

कापलेली फोड आणली असेल तर घरी आल्याआल्या बिया आणि धागे खरवडून काढा. फोड नासते ती आतल्या त्या ओलसर पोकळीपासून. बिया फेकू नका, धुऊन, वाळवून, मीठ लावून मंद आचेवर भाजा. स्वयंपाक होईपर्यंत त्या संपतात, हा माझ्या घरचा अनुभव.

आता पाणचट भाजीचं. फोडी बारीक, मीठ सुरुवातीलाच आणि वर घट्ट झाकण, असं केलं की सूप ठरलेलं. मीठ पाणी ओढून काढतं आणि झाकण ते बाहेर जाऊ देत नाही. फोडी मोठ्या ठेवा, कढई पसरट घ्या, तेल चांगलं तापू द्या आणि पहिली पाच-सात मिनिटं झाकण न ठेवता परता. कडा जरा लालसर झाल्या की मग झाकण, आणि मीठ अगदी शेवटी. तरीही पाणी सुटलंच तर फोडी झाऱ्याने बाजूला काढा, नुसतं पाणी मोठ्या आचेवर आटवा आणि मग फोडी परत घाला. सगळं एकत्र आटवत बसलात तर लगदा हातात येईल.

सूपासाठी किंवा गोड पदार्थासाठी गर हवा असेल तर भोपळा पाण्यात उकडूच नका. दोन भाग करून, कापलेली बाजू खाली ठेवून ओव्हनमध्ये २०० अंशांवर पाऊण ते एक तास भाजा. ओव्हन नसेल तर वाफवा आणि गर कोरड्या कढईत परतून सुकवा.

एक गोष्ट मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नका. भोपळा, दुधी, दोडका किंवा काकडी यांतली कुठलीही भाजी कडू लागली तर ती टाकून द्या. हा कडूपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि तो शिजवून जात नाही. गूळ घालून झाकलात तरी पोटदुखी, उलट्या, जुलाब व्हायचे ते होतातच. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झालेल्या घरच्या बियाण्यातून असं फळ येऊ शकतं. कापल्यावर कच्चा कण जिभेवर ठेवून बघायचा आणि थुंकायचा, एवढीच तपासणी. कारल्याचं प्रकरण वेगळं, ते आपण कडू म्हणूनच आणतो.

रताळं टणक का राहतं?

कारण बहुतेक वेळा तुम्ही ते फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. रताळ्याला थंडी सोसत नाही. साधारण बारा अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की आतल्या पेशींना इजा होते आणि मग कितीही उकडा, मधला भाग लाकडासारखाच राहतो. असं रताळं पुन्हा मऊ करण्याचा उपाय मला तरी सापडलेला नाही. किसून तळलं तर खपून जातं, एवढंच.

दुसरी तक्रार गोडीची. जमिनीतून नुकतं काढलेलं रताळं फिकंच लागतं. मोठ्या प्रमाणावर रताळी साठवणारे लोक ती आधी सुमारे ३० अंश तापमानात आणि दमट हवेत चार ते सात दिवस ठेवतात. त्यात सालीवरच्या जखमा भरतात आणि गोडी वाढायला सुरुवात होते. घरी इतकं काटेकोर जमत नाही, पण ओट्याखाली उबदार कोपऱ्यात टोपलीत आठ-दहा दिवस ठेवणं कुणालाही जमतं. ठेवायच्या आधी मात्र धुऊ नका. माती असू दे.

शिजवताना गोडी वाढवण्याची एक युक्ती रताळ्यातच दडलेली आहे. त्यात पिष्टाची साखर करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. रताळं साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात जितका वेळ राहील तितकी साखर जास्त होते. प्रेशर कुकर किंवा मायक्रोवेव्ह हा टप्पा झपकन ओलांडतो, म्हणून कुकरमधलं रताळं मऊ होतं पण बेचव. थंड पाण्यात घालून मंद आचेवर तापवा किंवा सालासकट मंद ओव्हनमध्ये तासभर भाजा. एकाच ढिगातली दोन रताळी घेऊन दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करून बघा, फरक सांगावा लागणार नाही.

खाजरे कंद: आधी मऊ, मग आंबट

अळकुडी, सुरण आणि अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशात टोचतात, म्हणून खाज. पहिली चूक सोलताना होते: कंद धुऊन, ओल्या हातांनी सोलला की हात खाजतात. आधी कोरडा सोला, हाताला तेल चोळा किंवा हातमोजे घाला, धुणं नंतर. अळकुड्या सालासकट उकडून मग सोलल्या तर हा प्रश्नच येत नाही.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आणि ती अनुभवी हातांकडूनही होते. खाज जावी म्हणून आपण चिंच, आमसूल किंवा लिंबू घालतो, ते बरोबरच आहे, पण सुरुवातीलाच भरपूर घातलं तर कंद मऊ होत नाही. आंबटात भाजीच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही. मग वरून शिजलेला, आतून कचवट कंद ताटात येतो, आणि खाज नेमकी त्या कचवट भागाची. म्हणून आधी कंद सुरी सहज आरपार जाईल इतका शिजवा, मग आंबट घाला आणि दोन-चार उकळ्या येऊ द्या. अर्धकच्च्या कंदाला कितीही चिंच वाचवू शकत नाही. हाच नियम टोमॅटोच्या रश्शात बटाटे न शिजण्याला आणि कडधान्य दगडासारखं राहण्यालाही लागू आहे.

घशाला खाज सुटलीच तर थंड दूध किंवा दही खाल्ल्याने बरं वाटतं. जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडतोय असं वाटलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

नवा तांदूळ, नव्या शेंगा

नव्या तांदळात ओल जास्त, म्हणून तो पाणी कमी पितो. नेहमीच्या मापात वाटीमागे पाव वाटी पाणी कमी करून सुरुवात करा आणि दुसऱ्या वेळी जमवून घ्या. गिजका झालाच तर ताटात पसरून वाफ जाऊ द्या, ढवळू नका. आणि मोकळा भात हवा असेल त्या दिवशी जुनाच तांदूळ काढा, नव्याशी भांडण्यात अर्थ नाही. खिरीला, मऊ भाताला नव्यासारखा दुसरा नाही.

ताज्या सोललेल्या शेंगांचे दाणे वाळलेल्या कडधान्यापेक्षा फार लवकर शिजतात, त्यामुळे शिट्ट्या कमी करा. राजमा ताजा असो की वाळका, पूर्ण उकळू द्या, किमान दहा मिनिटं खळखळून. मंद आचेच्या भांड्यात ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला अर्धकच्चा राजमा पोट चांगलंच बिघडवतो.

टोपलीतली भांडणं

गाजर कडवट लागलं? ते सफरचंदाशेजारी होतं का, बघा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात. त्याने गाजरात कडू द्रव्य तयार होतं आणि पालेभाजी पिवळी पडते. सफरचंद आणि नासपती वेगळ्या पिशवीत ठेवा. गाजर, मुळा, बीट यांचा पाला आणल्याबरोबर कापा, नाहीतर तो कंदातलं पाणी ओढत राहतो. पाला चांगला असेल तर त्याची भाजी. बीटाला मात्र दोन बोटं देठ राहू द्या आणि सालासकट उकडा, म्हणजे रंग पाण्यात जाणार नाही.

बटाटे अंधारात ठेवा. हिरवे झाले तर हिरवा भाग खोलवर कापून टाका आणि बटाटा कडू लागत असेल तर पूर्ण टाका, कारण त्यातलं सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य उकळून जात नाही.

पालेभाजीत रेती लागते याचं कारण आपण धुतलेलं पाणी पाल्यासकट चाळणीत ओततो. खाली बसलेली माती पुन्हा वर पडते. मोठ्या भांड्यात पाला बुडवा, जरा हलवा आणि हाताने वर उचलून घ्या. तळाला कण दिसेनासे होईपर्यंत हेच.

कोबी आणि गाजराची खरी गोडी थंडी पडल्यावर येते. शरदाच्या सुरुवातीलाच त्यांच्या मागे लागू नका.

अळंबी आणि बरण्या

विकतची अळंबी पाण्याने धुतली तर बिघडत नाही. बिघडतं ते तव्यावर गर्दी केल्याने. एका थरात, मोठ्या आचेवर, मीठ न घालता परता. पाणी सुटून आटलं की मग मीठ.

रानातली अळंबी स्वतः वेचून आणू नका, नेमकी ओळखणारं माणूस सोबत नसेल तर नाहीच. चांदीचा चमचा काळा पडतो, कांदा निळा होतो, किड्याने खाल्लंय म्हणजे चालतं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. सर्वांत घातक अळंबीचं विष शिजवून नष्ट होत नाही आणि त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो. तोवर जेवण आणि त्रास यांचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

राहता राहिला उरलेला भोपळा. त्याचा गर उकळून बरणीत भरून कपाटात ठेवायचा बेत असेल तर थांबा. भोपळ्यात आंबटपणा जवळजवळ नसतो आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीत मरत नाहीत. बंद बरणीत, हवा नसताना, ते आरामात वाढतात आणि बरणी उघडल्यावर वासही येईलच असं नाही. गर वाटी-वाटीच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका आणि वर तारीख लिहा. मी लिहिली नव्हती. मार्चमध्ये मी भोपळा समजून जी पिशवी वितळवली, ती गाजराची निघाली.