आक्रमक सिक्लिडला सोबती आणण्याआधीची तयारी

सिक्लिड हे माशांचं एक कूळ, त्यात अनेक जाती. टँकमधला सिक्लिड नेमका कोणता, हे नावानिशी ठाऊक नसेल तर सोबतीचा विषय तिथेच थांबवा. ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून मिळणाऱ्या पिशवीत शांत यलो लॅब आणि भांडकुदळ ऑराटस शेजारी शेजारी असतात. दोन इंचांचे असताना दोघेही सारखेच गोड दिसतात. केन्यी या जातीची पिल्लं आणि माद्या निळ्या, पण वयात आलेला नर पिवळा, त्यामुळे तिथे तर हमखास फसगत होते. फोटो काढून जाणकाराला दाखवा, नाव कागदावर लिहा आणि त्यापुढे पूर्ण वाढीची लांबी लिहा. ऑस्कर 12 इंचांपर्यंत जातो, फ्लॉवरहॉर्नही तेवढाच. जॅक डेम्प्सी 8-9 इंच, कॉन्व्हिक्टचा नर 5 इंचांच्या आसपास, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांत राहणारे सिक्लिड, म्हणजे म्बुना, बहुतेक 4-5 इंच. सोबती या आकड्याकडे बघून ठरवायचा, आजच्या आकाराकडे बघून नव्हे. चांगलं खाणंपिणं मिळालं तर ऑस्करचं पिल्लू महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतं.

मग हा मासा कशावरून भांडतो, ते समजून घ्या. उजनीची चिलापी आपण खातो, तीही याच कुळातली. तिचा नर तळाशी खड्डा करतो आणि जवळ येईल त्याला हुसकावतो. घरातल्या सिक्लिडचं भांडणही मुख्यतः जागेचं आणि पिल्लांचं असतं. त्यात आपल्यासारख्याच रंगाचा, आपल्यासारख्याच आकाराचा मासा त्याला सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी वाटतो. म्हणून एका पट्टेवाल्याजवळ दुसरा पट्टेवाला आणू नका. तोंडात मावेल असा मासाही नको. गप्पी, निऑन, छोटे एंजल ऑस्करसमोर सोडले तर ते सोबती उरत नाहीत, खाद्य होतात.

आता जागा. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टँकमध्ये 255 लिटर पाणी मावतं. काच, दगड, रेती धरून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. चाळीतल्या लाकडी तक्तपोशीवर किंवा जुन्या इमारतीत हे ठेवण्याआधी माहीतगार माणसाला विचारा, आणि टँक खोलीच्या मध्ये न ठेवता तुळईजवळ, भिंतीला धरून ठेवा. एवढ्या टँकमध्ये, माझ्या मते, ऑस्कर एकटाच राहावा. सोबत हवीच असेल तर 6 फुटांचा विचार करा. मुंबईच्या घरात तो बसत नसेल तर बेत सोडून द्या, कारण मासा बसवण्यासाठी भिंत सरकत नाही.

6 फूट मिळाले तर ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलरचा पाच-सहांचा थवा मला सगळ्यात आवडतो. अंगाने चपटे, रुंद, गिळायला अवघड आणि चपळ. ते बिनधास्त फिरताना दिसले की ऑस्करही दडून राहत नाही. सेव्हरम हा सिक्लिड चालतो, अंगाने भरलेला सकर (काचेला तोंड चिकटवणारा मांजरमासा) चालतो. सकर मात्र उपाशी ठेवू नका, नाहीतर रात्री तो ऑस्करच्याच अंगावरचा चिकट थर खरवडायला लागतो. पिक्टस मांजरमासा अजिबात नको: ऑस्करने तो तोंडात घेतला की त्याचे काटे जबड्यात अडकतात आणि दोघेही जातात. ब्लड पॅरट या संकरित सिक्लिडचं तोंड नीट मिटत नाही, त्यामुळे त्याला चावून प्रतिकार करता येत नाही. तापट माशासमोर त्याला उभं करणं अन्यायाचं आहे. गोल्डफिशला गार पाणी मानवतं, तेव्हा तो सोबती म्हणूनही नको. खाद्य म्हणूनही नको, त्यातलं थायमिनेज माशातलं बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं.

फ्लॉवरहॉर्न घरात असेल तर यादी फार लहान होते: सोबती नको. हा मासा 1990च्या दशकात मलेशियात संकरातून तयार झाला. आज मुंबईतल्या कितीतरी घरांत आणि दुकानांत तो नशिबाचा म्हणून ठेवलेला असतो. त्याच्याजवळ सोडलेल्या सकरचे डोळे आणि पर सुरक्षित राहत नाहीत. तो एकटा दिसतो म्हणून आपला जीव तुटतो, पण त्याला संपूर्ण टँक आपला हवा असतो. काचेपाशी बोट फिरवलं की मागे मागे येतो, तेवढी सोबत त्याला पुरते. त्याच्यासाठी दुसरा मासा आणणं म्हणजे त्या दुसऱ्या माशाचा बळी देणं, हे मला अगदी स्पष्टपणे म्हणायचं आहे.

म्बुनांचं गणित उलटं आहे. मलावीच्या खडकांत ते दाटीने राहतात, म्हणून टँकमध्येही दोन-तीन ठेवण्यापेक्षा पुरेशी संख्या ठेवली तर राग वाटला जातो आणि एकच मासा मार खात नाही. दर जातीत एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा. दगड आधी काचेवर टेकवा, रेती नंतर घाला, कारण हे मासे तळ खणतात आणि रेतीवर रचलेला ढीग कोसळतो. सोबतीला सिनोडोंटिस मांजरमासा चांगला. ऑस्कर मात्र इथे आणू नका. म्बुना प्रामुख्याने शेवाळ खाणारे, ऑस्कर मांसाहारी. एकाचं खाणं दुसऱ्याला बाधतं.

पाण्यावरूनही जोड्या ठरतात. तानसा, वैतरणा, भातसाचं आपल्याकडे येणारं पाणी पावसाचं आणि मऊ असतं. ऑस्कर, सेव्हरम यांना ते मानवतं. मलावीच्या माशांना पीएच आठच्या आसपास आणि कठीण पाणी लागतं, त्यांच्यासाठी फिल्टरमध्ये प्रवाळाची खडी ठेवावी लागते. क्लोरीन घालवायला अँटीक्लोर हाताशी ठेवा. पाणी ठराविक वेळीच येत असेल तर आठवड्याच्या पाणीबदलापुरतं पिंप आदल्या रात्री भरा. टेस्ट किट घ्या: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 40 पीपीएमच्या खाली. नवीन टँक असा स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. मे महिन्यात पाणी 30 अंशांच्या वर जातं, त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि दाटीच्या टँकला याचा पहिला फटका बसतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज तासन्‌तास गेली होती, तेव्हा फिल्टर बंद पडलेल्या घरांत त्याची किंमत कळली असेल.

खरेदीला निघण्याआधी दुसरा टँक तयार हवा. यावर मी अडून बसेन. 2 फुटी, रिकामा, स्पंज फिल्टरचा, आत दडायला कुंडीचा तुकडा. नवा मासा तीन-चार आठवडे तिथेच राहील, त्याचा आजार असेल तर तिथेच उघड होईल, आणि जुळलं नाही तर परत जायला हीच जागा. परत घेणाऱ्या दुकानदाराशीही आधीच बोलून ठेवा. पवईच्या किंवा कुठल्याही तलावात, नाल्यात मासा सोडणं हा मार्ग नाही, तिथल्या देशी माशांवर ती आपत्ती होते.

क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ल्याचा बाजार, मासा आपल्यासमोर खातो का ते बघा. पोट खपाटीला गेलेलं, पांढरी लांब विष्ठा, मिटलेले पर दिसले तर निघून या. रंग टोचलेले मासे घेऊ नका. नवा मासा घरच्या माशापेक्षा फार लहान नको, निदान दोन-तृतीयांश तरी असावा.

सोडण्याच्या दिवशी आधी जुन्या माशाला पोटभर खायला घाला. मग दगड, कुंड्या, झाडांच्या मुळ्या यांच्या जागा पूर्ण बदला, म्हणजे त्याची जुनी हद्द मोडते आणि त्यालाही सगळं नव्याने शोधावं लागतं. दिवा बंद करा. थवा असेल तर सगळे एकदम सोडा, एकेक करून सोडलेला मासा एकटा मार खातो. शक्य असेल तर पहिले काही दिवस मध्ये जाळीची आडभिंत घाला, दोघांना एकमेकांना बघू द्या.

आडभिंत काढाल तो दिवस सुट्टीचा असावा. थोडी पळापळ, पर फुलवणं, तोंडाला तोंड भिडवणं होणारच. पण नवा मासा काळवंडून हीटरच्या मागे किंवा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहिला, खायला खाली येईना, पर फाटू लागले, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. जाळं घ्या आणि त्याला दुसऱ्या टँकमध्ये हलवा. आणि सगळं महिनोन्‌महिने सुरळीत चालल्यावर एखाद्या दगडावर अंडी दिसली, तर आधीचं सगळं पुन्हा मोजा. कॉन्व्हिक्टची जोडी आपल्याहून दुप्पट माशालाही कोपऱ्यात दाबते. त्या दिवशी बाकीचे मासे बाहेर काढा किंवा आडभिंत परत घाला, आणि पिल्लांचं काय करणार हे त्याच आठवड्यात ठरवा.