डाळिंब कसं खावं: किती, कोणत्या रूपात आणि कोणती औषधं चालू असताना विचारून

‘डाळिंबाने रक्त वाढतं’ म्हणून जे डाळिंब खायला घेतात, त्यांनी आधी एक आकडा बघावा. १०० ग्रॅम दाण्यांत लोह असतं सुमारे ०.३ मिलीग्रॅम. पाळी चालू असलेल्या बाईची दिवसाची गरज, कोणतं कोष्टक बघता त्यानुसार, १५ ते ३० मिलीग्रॅम. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो, लोहाचा नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधायचं आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्या. त्या गोळ्या डाळिंबाच्या रसासोबत गिळू नका. रसातली टॅनिन्स (तुरट चवीची द्रव्यं) लोह नीट शोषू देत नाहीत.

मग डाळिंब खायचं कशासाठी? तंतुमय पदार्थ, थोडं क जीवनसत्त्व, फोलेट, पोटॅशियम आणि भरपूर पॉलिफेनॉल्स (टॅनिन्स आणि अँथोसायनिन ज्यांत मोडतात ती वनस्पतीजन्य द्रव्यं) यांसाठी. शिवाय चवीसाठी, जे कारण एकटंही पुरेसं आहे.

फळ आणि दाणे

आकाराच्या मानाने जड आणि ताणलेल्या सालीचं फळ घ्या. सालीच्या रंगावर जाऊ नका. कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली धुवा, नाहीतर सुरी सालीवरची घाण दाण्यांपर्यंत नेते. वरचा मुकुट कापा, पडद्यांच्या रेषेत साल चिरा आणि पाण्याच्या भांड्यात दाणे सोडवा. दाणे बुडतात, पापुद्रे तरंगतात. झालं.

आतला कप्पा काळा पडून मऊ झालेला दिसला तर ती बुरशी असते. बाहेरून फळ कितीही छान दिसो, टाकून द्या. सोललेले दाणे झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, चार-पाच दिवस टिकतात.

तयार गोठवलेल्या दाण्यांबाबत जरा जास्त सावध राहा. २०१३ मध्ये अमेरिकेत आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात हिपॅटायटिस ए च्या साथींचा माग गोठवलेल्या डाळिंबाच्या दाण्यांपर्यंत लागला होता. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही. गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी असे दाणे शिजवल्याशिवाय खाऊ नयेत.

किती खायचं

निरोगी प्रौढाला दिवसाला ८५ ते ९० ग्रॅम दाणे पुरतात, म्हणजे मध्यम फळाचा साधारण अर्धा भाग. त्यात सुमारे ७० ते ७५ कॅलरी, १२ ग्रॅम साखर आणि साडेतीन ग्रॅम तंतू मिळतात. मधुमेह असेल तर ही साखर जेवणातल्या कर्बोदकांच्या हिशेबात धरा. दाणे म्हणजे हिशेबाबाहेरचं ‘वरचं’ खाणं नव्हे. खाल्ल्यानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटर काय म्हणतो ते दोन-तीन वेळा बघितलं की आपलं प्रमाण कळतं.

बी थुंकू नका, चावून गिळा. दाण्यातले तंतू मुख्यतः तिच्यातच असतात. बी आतड्यात अडकून अपेंडिक्स होतं ही भीती अनाठायी आहे, आणि आतड्यात पिशव्या झालेल्यांनी बिया टाळाव्यात हा जुना सल्लाही आता मागे पडला आहे. आतडं अरुंद झालंय किंवा त्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालीय, त्यांनी मात्र बियांपासून लांब राहावं. मुलांना एका बैठकीत दोन-तीन फळं संपवू देऊ नका. न चावलेल्या बियांचा गोळा गुदाशयात घट्ट बसल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत, आणि तो काढायला रुग्णालयात जावं लागतं. अगदी लहान मुलांना अख्खा दाणा देऊच नका, घशात अडकतो. चेचून किंवा गाळून द्या.

रस

रसाचा २४० मिलीचा पेला म्हणजे सुमारे ३० ग्रॅम साखर, ५०० मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि तंतू जवळजवळ शून्य. घ्यायचाच तर १०० ते १२० मिली, तोही जेवणासोबत. घरी काढताना मिक्सर दोन-तीन सेकंदांचे झटके देऊन थांबवा. बी भरडली की रस कडू-तुरट होतो. गाळून लगेच प्या. नंतर तोंड साध्या पाण्याने खळखळवा आणि अर्धा-पाऊण तास ब्रश करू नका, कारण हा रस आम्लधर्मी असतो आणि तेवढा वेळ दातांचं कवच मऊ असतं.

विकतच्या बाटलीत बऱ्याचदा सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा रस मिसळलेला असतो. पुढच्या बाजूचं चित्र सोडा, मागची घटकांची यादी वाचा. कारखान्यात अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात सालीतली टॅनिन्स उतरतात, घरच्या रसात ती कमी असतात. त्यामुळे संशोधनात वापरलेला रस आणि तुमच्या पेल्यातला रस एकच असेल असं समजू नका. जुलाब लागलेल्या मुलाला हा रस तर नकोच. एवढ्या साखरेने जुलाब वाढू शकतात. तिथे ओआरएसच हवं.

औषधं: इथेच सगळे घसरतात

डाळिंबाबद्दलचे बहुतेक लेख शेवटी ‘औषधं चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या’ असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. मग माणूस डॉक्टरांना विचारतो, ‘डाळिंब खाल्लं तर चालेल ना?’ डॉक्टर म्हणतात, ‘फळं खा की.’ आणि माणूस घरी येऊन रोज अर्धा लिटर रस सुरू करतो. प्रश्नच चुकीचा होता, तर उत्तर कामाचं कसं असेल?

नीट करायचं ते असं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं एका कागदावर उतरवा, ब्रँडचं नाही, गोळीच्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव. मग खालच्या गटांतलं काही सापडतं का बघा.

पहिला गट वॉरफरिनचा. रक्त गोठू नये म्हणून हे औषध देतात आणि त्याचा परिणाम आयएनआर तपासणीने मोजतात. डाळिंबाचा रस सुरू केल्यावर आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत, तशीच नियमित घेतलेला रस थांबवल्यावर तो खाली आल्याचीही. दुसऱ्या शक्यतेकडे कुणी बघत नाही. आयएनआर वाढला तर रक्तस्रावाचा धोका, उतरला तर गुठळीचा. म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी एक काहीतरी ठरवावं: एकतर रस बंद, नाहीतर थोडे दाणे, दर आठवड्याला तितकेच. हंगाम आला म्हणून रोज दोन फळं आणि संपला की शून्य, हा प्रकार सगळ्यात वाईट. खाण्यात मोठा बदल केला तर दवाखान्यात तसं सांगून आयएनआर लवकर तपासून घ्या.

दुसरा गट रक्तदाबाच्या गोळ्यांचा. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन. ही औषधं शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाहीत, आणि रसाचा पेला आणखी पोटॅशियम घेऊन येतो. मूत्रपिंड धडधाकट असेल तर अर्ध्या फळाने काही बिघडत नाही. पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल, डायलिसिस चालू असेल, किंवा सोडियम कमी म्हणून विकलं जाणारं मीठ वापरात असेल (त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं) तर ही बेरीज हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकते. इथे अंदाज चालत नाही, रक्तातलं पोटॅशियम मोजावंच लागतं. याशिवाय रस स्वतःही रक्तदाब थोडा उतरवतो. ज्यांचा दाब मुळातच कमी आहे त्यांना उठताना चक्कर येऊ शकते.

तिसऱ्या गटात शरीरातली विकरं (एन्झाइम्स) ज्यांचा निचरा करतात अशी औषधं येतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ याच गटाबद्दल आहे. डाळिंबाचा रस सीवायपी ३ए४ हे विकर रोखतो असं प्रयोगशाळेत दिसलं, आणि लगेच ‘डाळिंब म्हणजे दुसरं ग्रेपफ्रूट’ अशी आवई उठली (ग्रेपफ्रूट हेच विकर रोखून काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतं). माणसांना याच विकराने निचरा होणारं मिडॅझोलाम हे औषध देऊन तपासलं तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून सरसकट घाबरायचं कारण नाही. दोन ठिकाणी तरीही हात आखडता घ्यावा. एक, अवयव प्रत्यारोपणानंतरचं टॅक्रोलिमस. रक्तातली त्याची पातळी थोडी हलली तरी महागात पडतं, तिथे रस नकोच. दोन, रोझुव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची औषधं. रसासोबत रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्या रुग्णाचे स्नायू विरघळल्याची एक नोंद आहे. एका नोंदीने नियम बनत नाही, पण कारण नसताना स्नायू दुखू लागले किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

‘गोळी आणि डाळिंब यांत दोन तासांचं अंतर ठेवा, मग काही होत नाही’ हा सल्ला विसरून जा. अंतराचा उपयोग फक्त पोटात एकमेकांना चिकटणाऱ्या गोष्टींना, जसं वर लोहाच्या गोळीचं सांगितलं. पोटॅशियम दिवसभर साठत राहतं, विकरावरचा परिणाम दोन तासांत ओसरत नाही, आणि आयएनआर तर काही दिवसांत हळूहळू सरकतो. घड्याळ यातलं काहीच सोडवत नाही.

आता डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न: ‘मी रोज इतके ग्रॅम दाणे किंवा इतके मिली रस घेणार आहे, या यादीतल्या कोणत्या औषधाला अडचण आहे, आणि कोणती तपासणी कधी करू?’ शस्त्रक्रिया ठरली असेल तर डाळिंबाच्या अर्काच्या कॅप्सूल चालू असल्याचंही सांगा. कॅप्सूल म्हणजे फळ नव्हे. त्यात एका वेळी किती टॅनिन्स जातात याचा फळावरून अंदाज बांधता येत नाही.

साल, मूळ, अॅलर्जी

मुळाची आणि खोडाची साल पोटात घ्यायची नाही. तिच्यात पेलेटिएरिन गटातली अल्कलॉइड्स असतात, जी पूर्वी टेपवर्म मारायला वापरत. जास्त झालं तर उलट्या, चक्कर आणि दृष्टीवर परिणाम. फळाच्या सालीची पूड चमचे-चमचे खाण्याचं खूळही सोडा. बद्धकोष्ठता आणि मळमळ याखेरीज फार काही हाती लागत नाही.

डाळिंबाची अॅलर्जी क्वचित असते, पण असते, विशेषतः पीचची अॅलर्जी असलेल्यांना. ओठ खाजले, जीभ सुजली तर फळ तिथेच थांबवा. श्वास लागला तर थेट आपत्कालीन विभाग.

फायदा होतोय का, कसं ओळखायचं

रक्तदाबावरच्या छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर वरचा आकडा सरासरी ५ मिमीने उतरलेला दिसतो, खालचा साधारण २ ने. कोलेस्टेरॉलवर ठोस परिणाम दिसत नाही. कर्करोगाच्या दाव्यांबाबत इतकंच सांगतो: अमेरिकेत पॉम वंडरफुल या रस कंपनीच्या हृदयविकार आणि प्रोस्टेट कर्करोगाबद्दलच्या जाहिराती फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये फसव्या ठरवल्या, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय बहुतांशी कायम ठेवला. शिवाय पॉलिफेनॉल्सपासून युरोलिथिन नावाची द्रव्यं आतड्यातले जिवाणू बनवतात, आणि ते जिवाणू सगळ्यांकडे सारखे नसतात. शेजाऱ्याला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही.

दाबासाठी खात असाल तर मोजा. सुरू करण्याआधी आठवडाभर, रोज सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून दोन-दोन वाचनं घ्या आणि सरासरी काढा. चार आठवडे ठरलेलं प्रमाण खा, मीठ, व्यायाम, गोळ्या यांत काही बदलू नका, आणि पुन्हा आठवडाभर तसंच मोजा. एखाद-दुसऱ्या वाचनातला ५ मिमीचा फरक रोजच्या चढउतारातही येतो, म्हणून सरासरीच धरा. ती उतरली असली तरी गोळी स्वतःहून कमी करू नका. आकड्यांचा कागद डॉक्टरांना दाखवा.